मातीच्या कडेला दगड होता : बेळगावजवळच्या एका तालमीचं प्रकरण

बेळगाव शहराच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगानं जी गावं लागतात त्यांतल्या एका गावातल्या हायस्कुलात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. गावच्या तालमीच्या पंच कमिटीतही आहे. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या तालमीत एका पंधरा वर्षांच्या मुलाचं गळ्याखालचं हाड मोडलं. ज्याच्या हातून ते मोडलं तो सोळा वर्षांचा होता. पुढं दीड-दोन वर्षं काय काय होत गेलं ते मी वहीत टिपत होतो. आता सलग लिहून काढतोय, कारण आजूबाजूच्या तालमींचे पंच भेटले की अजून विचारतात, "त्या पोराला तुम्ही ठेवलाच कसा?"

नावं देत नाही. ज्याच्या हातून घडलं त्याला 'मुलगा' म्हणतो, ज्याला लागलं त्याला 'जोडीदार'.

तालीम जुनी, कौलारू. आत मारुती, समोर कुस्तीच्या मातीचा हौदा, हौद्याच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीचा दगडी कट्टा. भिंतीवर श्रीपती खंचनाळे यांचा फोटो. 1959 सालचे पहिले हिंदकेसरी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायची आमच्याकडे रीत आहे. शेजारी खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी. मधल्या काळात तालीम ओस पडली होती. परत भरली ती कुस्तीच्या प्रेमानं कमी आणि भरतीच्या ओढीनं जास्त. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं भरतीच्या चाचणीतली सोळाशे मीटरची धाव आणि बीम (दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणं) ही आमच्या गावात आईबापांनाही पाठ असलेली गोष्ट आहे. ज्या पोराला फौजेत जायचंय तो पहाटे रस्त्यावर धावतो आणि संध्याकाळी तालमीत जोर-बैठका मारतो.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला आलेली काही कन्नड कुटुंबं गावात भाड्यानं राहतात. त्यांची पाच-सहा मुलंही तालमीत येत. तालमीला ते गरडी म्हणतात, आपण तालीम म्हणतो, पण आत लंगोट लावल्यावर हा फरक उरत नसे. निदान मी तसं समजत होतो. जोडीदार त्यांच्यातला. गोकाककडचं घर, कन्नड माध्यमात नववीला, मराठी फर्डी पण हेल कन्नडचा.

मुलाचे वडील गोव्यात बांधकामावर, महिन्यातून एकदा घरी. आई दुसऱ्याच्या शेतात रताळी काढायला जाई. आजोबा नावाजलेले मल्ल होते. गावात अजून कुणीही म्हातारा भेटला की त्याला म्हणे, "आज्जाचं नाव राखायचं हं." मला वाटतं या वाक्याचा त्याच्या डोक्यावर जेवढा बोजा होता तेवढा दुसऱ्या कशाचा नसेल. अंगानं चपळ, एकेरी पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्यात, एवढा तरबेज की वस्ताद पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. पण हरला की त्याचा चेहरा बदलायचा. शाळेत दोनदा मारामारी, एकदा मी स्वतः पालकांना बोलावलेलं.

त्या संध्याकाळी जोडीदारानं त्याला ढाक हा डाव लावून स्वच्छ पाडला. सराव होता, हारजीत काहीच नव्हती. कट्ट्यावरची पोरं हसली आणि त्यांतला एकजण ओरडला, "कानड्यानं लोळिवला की रे!" वस्ताद तेव्हा बाहेर नळावर हातपाय धूत होते. मी दारात उभा राहून फोनवर बोलत होतो. हे मला लिहायलाच हवं. हौद्याकडे बघणारं मोठं माणूस त्या दोन मिनिटांत कुणीच नव्हतं.

मुलगा उठला. शड्डू ठोकला नाही, सलामी दिली नाही, सरळ भिडला. कमरेला मिठी मारून त्यानं जोडीदाराला उचलला आणि दोन पावलं चालत कडेला नेऊन टाकला. जोडीदारानं पडताना हात पुढं केला. हात कट्ट्यावर टेकला आणि खांदा त्याच्यावर आला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज मला दारात ऐकू आला. जोडीदार रडला नाही. डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून तो मातीत नुसता बसून राहिला, आणि त्याच्या कपाळावर माती तशीच चिकटलेली होती. मुलगा त्याच्यासमोर उभा. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

दवाखान्यातून रात्री नऊला परत आलो तोवर मोबाईलवर चित्रफीत फिरत होती. पोरांपैकी कुणीतरी काढलेली. खाली लिहिलेला मजकूर दोन प्रकारचा होता, कन्नडमधून एक आणि मराठीतून एक, आणि दोन्हींत कुस्तीचा शब्द नव्हता. एक नोव्हेंबर आठवड्यावर आलेला. 1956 साली याच तारखेला भाषावार राज्यं झाली आणि आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे काळा दिन पाळणाऱ्यांची सायकल फेरी. त्या आठवड्यात आमच्याकडे साधी गाडीला गाडी घासली तरी आधी नंबरप्लेटवरची लिपी बघतात. जोडीदाराच्या वडिलांकडे त्याच रात्री दोन अनोळखी माणसं जाऊन आली, तक्रार द्या, आम्ही पाठीशी आहोत म्हणून. इकडे आमच्यातलेही तिघेजण मुलाच्या घरी गेले, घाबरू नका, आपलं पोर आहे म्हणून. दोन्हीकडच्या या पाहुण्यांपैकी एकानंही हाड कुठलं मोडलंय हे विचारलं नाही. त्याचा राग मला आजही येतो.

पंचांची बैठक रात्री साडेदहाला मारुतीसमोर बसली. मुलाचं नाव तालमीतून काढावं असा ठराव मी मांडला. कारणंही दिली. शिस्त राहणार नाही, दुसरे पालक मुलं पाठवणार नाहीत, उद्या पोलीस आले तर तालमीवर येतील. सगळे माना डोलावत होते. वस्ताद शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, काढून टाका. सोपं हाय. त्यो हेच उद्या रस्त्यावर करील, तितं खाली माती नसंल." आणि थोड्या वेळानं, "मी हौद्यापाशी नव्हतो. मग माजं नाव कवा काढताय?"

याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. ठराव मी मागं घेतला.

ते तिथून उठले ते सरळ मुलाच्या घरी. त्याच्या आईला बरोबर घेतलं, मुलाला नाही. जोडीदाराच्या दारात उभं राहून वस्तादांनी कन्नडमध्ये एवढंच म्हटलं, "नम्द तप्प ऐत्री." चूक आमची आहे. कुणाच्या पोराची, कशामुळं, यातलं काही नाही. दवाखान्याचा खर्च यात्रेच्या शिलकीतून तालीम देईल असं सांगितलं. तक्रार द्यायची की नाही यावर बोललेच नाहीत. वडिलांनी एकच विचारलं, माझा पोरगा परत येईल तेव्हा हा तिथं असणार का? वस्ताद म्हणाले, ते तुमचा पोरगा ठरवील. मुलाच्या आईनं रताळ्यांची पिशवी नेली होती, ती त्या घरच्या बाईनं आत घेतली. तक्रार झाली नाही. यामागं आणखी कारणं असतील, मी विचारलेली नाहीत.

मुलाला वस्तादांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं. जोडीदार मातीत परत येईपर्यंत तू कुस्ती धरायची नाहीस. पहाटे पाचला येऊन हौदा उकरायचा. संध्याकाळी बारकी पोरं डाव शिकतील तेव्हा ती तुझ्यावर शिकतील. तू पडायचंस. तोड करायची नाही, म्हणजे डाव उधळायचा नाही.

हौदा उकरणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर घालून मुरवलेली माती रोजच्या सरावानं बसते, दगडासारखी होते. ती फावड्यानं खणायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला तर वेचायचा, मग सारखी करायची. एकट्यानं केलं तर तासभर जातो. पहिल्या आठवड्यात तो हे रागानं करत होता, फावड्याच्या आवाजावरून कळायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी पहाटे गेलो तर गडी गुडघ्यावर बसून कडेची माती बोटांनी चाचपत होता. "सर, हितं माती पातळ हाय," म्हणाला. "दगड लागतोय." आम्ही सगळे त्या तालमीत वाढलो, पण कडेला माती कमी पडते हे आमच्यापैकी कुणी कधी बोललं नव्हतं. त्या जागेला त्याचा हात लागावा हे मात्र मला तेव्हाही फार बोलकं वाटलं.

संध्याकाळचं काम त्याहून अवघड होतं. चाळीस किलोचं पोर धोबीपछाड मारायला येई, नीट जमत नसे, अर्ध्यात अडकत असे. मुलगा एका झटक्यात निसटू शकला असता. त्याला निसटायची परवानगी नव्हती. पोराचा पाय चुकला की त्यानं सांगायचं, "कंबर आत घाल," आणि परत उभं राहायचं. एका संध्याकाळी मी मोजलं, तो एक्केचाळीस वेळा पडला. आणि पडायला त्याला येत नव्हतं. पाठ आपटायची, मान झटकायची, दुसऱ्या दिवशी अंग धरायचं.

हे आधी कुणाच्या ध्यानात आलं, तर एका मुलीच्या. गावातलीच, बेळगावच्या क्रीडा वसतिगृहात ज्युदो शिकणारी, दिवाळीच्या सुट्टीला आलेली, चौदा वर्षांची. बायका-मुलींनी तालमीत यायचं नाही अशी आमच्याकडे रूढी, म्हणून ती बाहेर पायरीवर उभी राहून बघायची. एकदा तिथूनच ओरडली, "दादा, हनुवटी छातीला लाव की! डोकं आपटंल." मुलगा लाजला. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर हिरवळीवर तिनं त्याला करून दाखवलं, मी समोर होतो. पाठ गोल करायची, हनुवटी छातीशी, आणि पाठ टेकायच्या क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, जोरात आपटायचे. आघात हातांत वाटला जातो, डोकं वर राहतं. ज्युदोत याला उकेमी म्हणतात आणि कुणालाही उचलून टाकायला शिकवण्याआधी हे शिकवतात. मागं पडणं, बाजूला पडणं, पुढं गडगडणं. तिनं पहिले काही आठवडे दुसरं काही केलंच नव्हतं.

मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. बी.पी.एड.ला हे सगळं वाचलं होतं. गळ्याखालचं हाड मोडण्याची नेहमीची तऱ्हा म्हणजे हात पुढं करून पडणं किंवा थेट खांद्यावर आदळणं. जोडीदारानं हात पुढं केला कारण त्याला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं. माती मऊ आहे, तीच सांभाळून घेते, या भरवशावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पाडायला शिकवलं आणि पडणं त्यांच्यावर सोडलं. मुलानं रागानं टाकला हे खरंच आहे. पण कडेला उघडा दगड, हौद्यापाशी मोठं माणूस नाही, आणि पडायचं कसं हे माहीत नसलेला पोरगा, या तीन गोष्टी आमच्या होत्या. माझ्या ठरावात यांतली एकही नव्हती.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. जिगोरो कानो यांनी 1882 साली जपानात ज्युदो सुरू केला आणि पुढं त्याच्या पायाशी दोन सूत्रं ठेवली, त्यांतलं एक स्वतःचं आणि दुसऱ्याचं भलं बरोबरीनं व्हावं असं आहे, हेही सांगितलं. वस्ताद म्हणाले, "मग आपली सलामी कशाला असती मास्तर? इसरलो आपण, एवढंच." कट्ट्यावर भाताचं तूस भरलेली गोणपाटाची पोती शिवून बांधली. बाया-बापड्यांनीच शिवली, त्यांत जोडीदाराची आई होती. नव्या पोराला पहिले पंधरा दिवस फक्त पडणं. "बस" हा शब्द ऐकला की हात सुटलाच पाहिजे, मग डाव कितीही जमलेला असो. मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत. आणि हौदा चालू असताना वस्ताद किंवा पंचांपैकी एकजण कडेला, तोंड मातीकडे करून.

सगळंच जुळून आलं असं नाही. जोडीदाराचा उजवा हात झोळीत असताना त्याच्या आईनं सुचवलं होतं की मुलानं त्याच्या वह्या उतरून द्याव्यात. मुलगा शाळेत कन्नड विषय शिकलेला, अक्षरं येत होती. चार दिवस गेला. पाचव्या दिवशी त्याच्या जोडाक्षरांच्या चुकांना घरातली लहान बहीण हसली आणि तो परत गेलाच नाही. मी समजावलं, वस्तादांनी दटावलं, पण गेला नाही. हसण्यावरून जे झालं होतं त्याची जागा अजून दुखरी होती, आणि आम्ही ती ओळखण्यात कमी पडलो.

मुलीचं प्रकरण यातूनच पुढं सरकलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती परत आली तेव्हा तिला सरावाला जोड नव्हती. शेजारच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीप्रकारात 52 किलो गटात कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्या भागातल्या मुलींच्या डोळ्यांपुढं ते नाव आहे. हिच्याही. पण सुट्टीचा महिना नुसत्या धावण्यात गेला तर वसतिगृहात परतल्यावर मागं पडायची भीती. तालमीत मुलींना घेण्यावर पंचांत एकमत होईना. शेवटी शाळेच्या सभागृहात वर्गणीतून चाळीस मॅट आणल्या, चार सेंटिमीटर जाडीच्या, एकमेकींत अडकवायच्या. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई हजर राहायला तयार झाल्या, मुलीच्या आईनं होकार दिला, आणि तिची जोड म्हणून तिनंच मुलाचं नाव सांगितलं. कारण काय, तर "त्याला पडायला येतंय."

त्या सभागृहात मी जे बघितलं ते तालमीत बघायला मिळालं नसतं. मुलाचा हुकमी डाव एकेरी पट. आणि ज्युदोच्या स्पर्धेत 2013 पासून उभ्यानं पायाला हात घालायला पूर्ण बंदी आहे. कुराशमध्येही पट्ट्याखाली धरता येत नाही. पहिल्याच झटापटीत तो सवयीनं वाकला, हात तिच्या पोटरीकडे गेला, तिनं थांबवलं. "हे चालत नाही." परत तेच. तिसऱ्यांदा तिनं त्याचा तोल मागं नेला आणि पाय अडकवून त्याला सपाट पाडला. सभागृहात सात-आठ मुली बसल्या होत्या. दोघी हसल्या.

मी उठायच्या बेतात होतो. बाईंनी माझा हात धरला. मुलगा उठला, त्याचा चेहरा तसाच झाला जसा त्या दिवशी झाला होता. तो मॅटवरून उतरला, चालत बाहेर नळाकडे गेला. नळ सोडून त्यानं डोकं पाण्याखाली धरलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग ओल्या केसांनी आत आला, मॅटच्या कडेला थांबून तिच्यासारखाच कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पाय धरायचा नाही तर मग हात कुठं ठेवायचे ते आधी दाखव."

त्यानंतर तो महिनाभर रोज आला. त्याचं वजन एकसष्ट किलो, तिचं अठ्ठेचाळीस. जोर लावला तर ती शिकणार नाही, नाही लावला तरी शिकणार नाही. किती लावायचा हे दर वेळी त्यालाच ठरवावं लागे. मला वाटतं बारक्या पोरांसमोर पडत काढलेल्या त्या तीन महिन्यांनी त्याला हेच माप दिलं होतं.

जोडीदार जानेवारीच्या अखेरीस डॉक्टरांच्या परवानगीनं मातीत परतला होता. मुलगा तिथं असला तर चालेल, असं त्यानं सांगितलं. पण जोड म्हणून त्याला घेतलं नाही. पहिल्या दिवशी नाही, यात्रेच्या मैदानाच्या तयारीत नाही, उन्हाळ्यात नाही. वस्तादांनी एकदाही आग्रह केला नाही, मलाही करू दिला नाही. आठ महिने हे असंच चाललं. दोघं एकाच हौद्यात, दोन टोकांना. पंचांतले काही म्हणायचे, मग उपयोग काय झाला? मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्याचं हाड मोडलं त्यानं कधी विसरायचं हे आम्ही ठरवणारे कोण?

मग एका पावसाळी संध्याकाळी मी शाळेतून उशिरा तालमीत पोचलो तर दोघं मातीत एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करत होते. कधी सुरू झालं, कोण आधी बोललं, मला कुणी सांगितलं नाही. वस्ताद कडेला पोत्यावर बसून हौद्याकडे बघत होते.

मुलगा आता एकोणीसचा आहे. भरतीच्या पहिल्या प्रयत्नात धावेतच राहिला, बारावीला गणितात एकदा नापास होऊन निघाला. गेल्या गणपतीच्या मिरवणुकीत त्यानं एकाला ढकललं, पण मग ती गल्ली सोडून घरी गेला असं त्याच्याच आईनं मला सांगितलं. वडील अजून गोव्यातच. पहाटे बारक्या पोरांना पडायला तोच शिकवतो, आणि हौदा अजून तोच उकरतो, आता आणखी दोघांना बरोबर घेऊन. त्यांतला एक जोडीदाराचा धाकटा भाऊ.

मुली मात्र अजून शाळेच्या सभागृहातच आहेत. सराव करणाऱ्या चौघींच्या अकरा झाल्या. परीक्षा आल्या की सभागृह महिनाभर बंद असतं आणि मॅट सुट्या करून भिंतीला लावलेल्या असतात. तोडगा म्हणून मी तेव्हा हे मान्य केलं, ते अपुरं होतं. ज्या मुलीनं आमच्या तालमीला पडायला शिकवलं ती आजही सुट्टीत आली की पायरीवरच उभी राहते. पंचांची पुढची बैठक नागपंचमीनंतरच्या रविवारी आहे. हा विषय पहिला घ्यायला मी लेखी दिलंय, आणि खाली वस्तादांनीही सही केलीय.